गंजलेली फियाट आणि पन्नास वर्षांचा नियम

जुनी गाडी घरी दुरुस्त करतोय असं सांगितलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "खर्च किती आला?" आणि दुसरा, "विकली तर किती येतील?"

पहिल्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. टेम्पो ९,०००, पत्रा आणि वेल्डिंग ८२,०००, इंजिन-हेड-लेथकाम ४६,०००, ब्रेक २१,०००, वायरिंग-सेल्फ-बॅटरी १९,०००, टायर १४,०००, रंग ३८,००० आणि किरकोळ म्हणून ज्याला आपण म्हणतो ते ११,०००. एकूण दोन लाख चाळीस हजार. यात आर.टी.ओ. नाही, त्याच्यावर पुढे येतोच. शिवाय साडेचार वर्षांचे माझे शनिवार-रविवार यात धरलेले नाहीत. ते धरले तर आमची ही मला अजून जास्त हिशेब सांगेल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की विकायची नाही. त्यामुळे किती येतील ते बघितलेलंच नाही.

हे ऐकल्यावर बहुतेक मंडळी 'हौसेला मोल नाही' असं काहीतरी म्हणून विषय बदलतात. माझं म्हणणं इथेच सुरू होतं. साधी, मध्यमवर्गीय माणसाची जुनी गाडी चालती ठेवणं ही नुसती हौस नाही असं मला वाटतं. आणि आपल्याकडे अशा गाड्यांसाठी जे नियम आहेत, त्यात एक मोठं भोक आहे. गाडीच्या तळाला होतं, तसंच. :)

तर गाडी. १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. आमच्या मामांची. मामा सांगलीला गावभागात राहतात. नव्वदच्या दशकात आमच्या सगळ्या खानदानात हीच एक चारचाकी होती, त्यामुळे लग्नं, बाळंतपणं, नरसोबाची वाडी, मिरजेचं हॉस्पिटल... सगळं हिच्यातच. २०१६ ला मामांनी शेवटचं पासिंग करून घेतलं, २०१७ ला क्लच गेला, आणि "बघू सवडीने" म्हणत गाडी बोळाच्या तोंडाशी पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली.

मग ऑगस्ट २०१९. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर बघितलेल्या लोकांनी २००५ च्या खुणेच्या वर सामान ठेवलं होतं, ते सुद्धा गेलं. माणसं वेळेवर बाहेर पडली हेच खूप. पद्मिनी अर्थातच जागेवर राहिली. पाणी ओसरल्यावर शेड उघडली तर सीटच्या वरपर्यंत गाळाची रेघ, आणि आत मऊ, चिकट, काळा गाळ. भंगारवाला दुसऱ्याच आठवड्यात येऊन बावीस हजार सांगून गेला. मामा म्हणाले, "देऊन टाकू या. पुरात माणसांची घरं गेली, गाडीचं काय घेऊन बसलास लेका." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मामींनी त्या वेळी भंगारवाल्याला परत पाठवलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये गाडी टेम्पोत घालून, पेठ नाका-कराड करत मी साताऱ्याला आमच्या गोडोलीच्या घरी आणली. नोकरी पुण्यात, गाडी साताऱ्यात, आणि गाडीचा मालक सांगलीत. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या कुठल्याही पुस्तकात ही रचना चांगली मानलेली नाही.

आता थोडा इतिहास, कारण तो आपल्या मातीतला आहे. मी शिकलो सांगलीच्या वालचंद कॉलेजात. १९४७ साली सुरू झालेलं हे कॉलेज १९५५ पासून वालचंद हिराचंदांचं नाव लावतं. तिथे चार वर्षं काढून सुद्धा माझ्या डोक्यात कधी आलं नाही की सोलापुरात जन्मलेल्या याच माणसाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि मामांची फियाट कुर्ल्याच्या त्याच कारखान्यातून आली. सुरुवातीला तिथे अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या. फियाट नंतर, पन्नासच्या दशकात आली. त्यातलीच एक म्हणजे आपली 'डुक्कर फियाट'. १९६४ च्या सुमाराला आलेलं ११०० चं मॉडेल पुढे 'प्रेसिडेंट' झालं, मग 'पद्मिनी' झालं, आणि थोड्याफार फरकाने २००१ पर्यंत निघत राहिलं. १०८९ सी.सी.चं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, चारी चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईत काळी-पिवळी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली, मग वीस वर्षांच्या वयोमर्यादेने शेवटची टॅक्सीही उतरली. तेव्हा पेपरांत रकानेच्या रकाने भरून गहिवर आला होता. ज्यांनी लिहिलं त्यातल्या किती जणांनी घरची फियाट ठेवली होती, हा प्रश्न मी विचारत नाही.

असो. नमनाला घडाभर तेल झालं, आता मुद्द्यावर येऊ. मुद्दा म्हणजे गंज.

जीप किंवा ट्रक असतो, त्याला खाली लोखंडी चासीस असते आणि बॉडी वर बसवलेली असते. बॉडी सडली तरी चासीस शाबूत असू शकते. पद्मिनीला अशी वेगळी चासीस नाही. तळाचा पत्रा, दरवाज्याखालच्या दोन पोकळ पट्ट्या (ज्याला सिल म्हणतात), पुढचे-मागचे पोकळ बॉक्स, हे सगळं मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. म्हणजे 'नुसता पत्रा गंजलाय हो' या वाक्याला या गाडीत अर्थच नाही. पत्रा हाच सांगाडा आहे. आणि गंज सगळ्यात जास्त कुठे धरतो, तर नेमका या पोकळ बॉक्सच्या आत, जिथे आपल्याला दिसत नाही. सिलच्या तळाला पाणी निचरायला बारीक भोकं असतात. त्यात गाळ बसला की आत पाणी साठतं, गाळ ओल धरून ठेवतो, आणि लोखंड आतून खात बाहेर येतं. रंगावर फोड दिसतो तेव्हा आतला कार्यक्रम कधीच उरकलेला असतो. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. दोन पत्र्यांच्या जोडात गंज धरला की तो जोड फुगवून उघडतो, आणि मग अजून पाणी आत जातं. अतिशय चिकाटीचा प्राणी आहे.

आमच्या गाडीच्या डाव्या सिलवर टोचा मारला तर तो सरळ आत गेला, आणि बाहेर काय आलं? पुट्टीचा ढेकूळ आणि गोणपाट. म्हणजे पूर्वी कधीतरी, कुठल्यातरी गॅरेजमध्ये, भोकात गोणपाट कोंबून वरून पुट्टी भरून घासून रंग मारून दिला होता. दिसायला झकास. मामांनी त्याचे पैसेही 'पत्राकाम' म्हणूनच दिले असणार. गोणपाटाने वर्षानुवर्षं ओल धरून ठेवली आणि आजूबाजूचा चांगला पत्राही खाऊन टाकला. यावरून माझं पहिलं मत, जे मी आता कुणालाही, न विचारता देतो: जुन्या गाडीवर खर्च करायला एकच रुपया असेल तर तो रंगावर घालवू नका. गाडी रॅम्पवर घ्या, तळ खरवडा, आणि सडलेला पत्रा कापून त्याजागी नवा पत्रा वेल्ड करा. चांगल्या, चकचकीत पत्र्यापर्यंत कापत जायचं. अर्धवट सडलेल्या पत्र्याला टाका धरत नाही, जळून भोक मोठं होतं. आणि सिल कापायच्या आधी दरवाज्याच्या जागेत आडवा लोखंडी पाइप टेकू म्हणून टाकायचा, नाहीतर गाडी मधून बसते आणि नंतर दरवाजे आयुष्यभर लागत नाहीत. आमच्या पत्रेवाल्या चाचांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. चाचा साठीच्या पुढचे. नवीन सिल बाजारात मिळाली नाही तेव्हा त्यांनी सपाट पत्रा घेतला, पुठ्ठ्याचा नमुना कापला, आणि हातोडी-डोलीवर दोन दिवसांत सिल घडवली. मी उभा राहून बघत होतो. सॉफ्टवेअरमध्ये इतक्या वर्षांत मी इतकी स्वच्छ गोष्ट बनवलेली नाही.

सुट्या भागांचा गंज मात्र घरी काढता येतो, आणि तो भाग खरंच मजेचा आहे. प्लास्टिकचं टब, पाणी, धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर. गंजलेला भाग चार्जरच्या निगेटिव्हला, साध्या लोखंडाचा एक निकामी तुकडा पॉझिटिव्हला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. रात्रभर ठेवलं की सकाळी काळपट मऊ थर ब्रशने निघून येतो, आणि खालचं चांगलं लोखंड जसंच्या तसं राहतं. दोन पथ्यं मात्र पाळा. हे उघड्यावर करा, कारण यात हायड्रोजन निघतो. आणि पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

दुसरा उपाय आमच्या भागाला शोभणारा आहे. मळी. हो, साखर कारखान्याची मळी. पाण्यात मिसळून त्यात गंजलेला भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवला की गंज सुटतो, जगभरचे जुन्या गाड्यांवाले हे करतात. म्हटलं, कृष्णाकाठी राहतो, इकडे रेठरे, तिकडे साखराळे, हाकेच्या अंतरावर कारखाने, एक कॅन मळी मिळायला काय अडचण! तर मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं, कॅन घेऊन जाऊन भरून आणायची वस्तू नाही ती. कारण उघड आहे, मळीपासून दारू होते. आणि आता इथेनॉलही होतं.

इथेनॉलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. उसाच्या पट्ट्यातला माणूस म्हणून मी त्याच्या विरोधात अजिबात नाही, आमच्याकडची निम्मी घरं त्या उसावर उभी आहेत. पण १९८६ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही, हेही तितकंच खरं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि टाकी आतून गंजते. जुने रबरी पाइप फुगतात, मग चिरतात. आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळणं हा विनोदाचा विषय नाही. त्यावर उपाय आहेत: पाइप इथेनॉलला टिकणारे घाला, कार्ब्युरेटरचे जेट थोडे मोठे करून घ्या (इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर इंजिन उपाशी चालतं), टाकी अर्धी ठेवून गाडी महिनाभर उभी करू नका. एवढं केलं की पद्मिनी मजेत चालते. मामांच्या गाडीचा गंज काढायलाही ऊस आणि धरवायलाही ऊस, हे मात्र आमच्या जिल्ह्यातच होऊ शकतं.

आता दुसरं मत, ज्यावर मित्रांशी कडाक्याची भांडणं झाली आहेत. सध्या 'फुल रिस्टोरेशन' नावाची फॅशन आहे. गाडी शेवटच्या बोल्टपर्यंत खोलायची, सगळं नवं घालायचं, आत लाल लेदर, बाहेर दोन रंग, अलॉय व्हील, आणि मग लग्नाला भाड्याने. ज्याची गाडी त्याची मर्जी. पण मला विचाराल तर यात गाडी वाचत नाही, तिच्या जागी तिच्यासारखी दिसणारी दुसरीच एक गाडी येते.

आमच्या धंद्यात या विषयावर एक जुना वाद आहे. २००० साली जोएल स्पोल्स्कीने नेटस्केपचं उदाहरण देऊन लिहिलं होतं की चालता कोड फेकून सगळं नव्याने लिहायला घेणं ही कंपनी करू शकते अशी सर्वात मोठी घोडचूक. त्याचं म्हणणं असं की जुन्या कोडमधल्या त्या विचित्र, कुरूप ओळी म्हणजे कुणीतरी कधीतरी सोडवलेल्या अडचणी असतात. मामांच्या गाडीत हे शब्दशः सापडलं. इंजिनापासून बॉडीपर्यंत एक जाड, बेढब, हिरवी वायर होती. मूळ गाडीत अशी वायर नाही. वायरमन म्हणाला काढून टाकू, खराब दिसते. मी सांगलीला फोन लावला.

"मामा, बॉनेटमध्ये ती हिरवी वायर कशाची आहे?"

"अरे, ती काढू नकोस! एकोणनव्वदला चिपळूणला निघालो होतो, कुंभार्ली घाटात सेल्फच लागेना. बॅटरी चांगली, सेल्फ चांगला. शेवटी एका ट्रक ड्रायव्हरनं ती वायर टाकून दिली. अर्थिंग गेलं होतं."

म्हणजे इंजिनाची मूळ अर्थिंगची पट्टी जिथे बॉडीला बसते ती जागा तेव्हाच गंजली होती, आणि करंटला परतायला वाट नव्हती. ट्रक ड्रायव्हरने दिलेली वाट पुढे अठ्ठावीस वर्षं चालली. आम्ही मूळ जागा साफ करून पट्टी नवी घातली, आणि हिरवी वायरही ठेवली. खराब दिसते तर दिसू दे.

म्हणून माझी फुटपट्टी साधी आहे. जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे तडजोड नाही: सांगाडा, ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलचे पाइप, वायरिंग, टायर. हे सगळं नवं किंवा नव्यासारखं. बाकी सगळं आहे तसं. पुढच्या सीटचं रेक्झिन उसवलं होतं तिथे शिवलं, बदललं नाही. डॅशबोर्डवर मामींनी चिकटवलेला गणपती पुरातूनही टिकला, तो तिथेच आहे. रंग मात्र द्यावा लागला, कारण नव्या पत्र्याला उघडं ठेवता येत नाही. पण तोही मूळचाच, फिकट निळा.

'हे सगळं करायचंच कशाला?' असं कुणी विचारेल. माझं खरं उत्तर चाचांकडे बघून आलेलं आहे. आपल्या पट्ट्यात लोखंडाचं काम शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, माळरानावर, लोखंडी नांगरांसाठी. १९२२ पासून सातारा रोडला कूपरचा कारखाना. साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्समध्ये 'प्रिया' बनायची, आमच्या पिढीतले निम्मे लोक तिच्यावर पुढे उभं राहून शाळेत गेलेत. आणि मिरजेचे तंतुवाद्य बनवणारे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे, त्यांचा गंज काढणारे. हत्यारांचं काम सरलं तेव्हा त्यांच्या हातातली कला तंबोऱ्यात गेली. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कारण हाताला काम मिळत राहिलं. कला पुस्तकात टिकत नाही, ती गिऱ्हाइकाच्या जिवावर टिकते.

पत्रेवाल्यांना आज तसं काम कुठे आहे? नव्या गाडीचा दरवाजा चेपला की अख्खा दरवाजा बदलतात, विम्यात बसतं. हातोडीवर पत्रा घडवायची गरजच पडत नाही. चाचांचा मुलगा रांजणगावला कंपनीत आहे, पगार बरा आहे, तो परत येणार नाही आणि त्याने यावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? मी स्वतः पुण्यात ए.सी.त बसतो. पण माझ्या कामामुळे चाचांच्या हाताखाली वाळव्याकडचा एक पोरगा लागला, आणि दुसरी सिल त्याने घडवली. चाचांनी फक्त शेवटची धार सरळ केली. बयाशी हजारांतलं हे मला सगळ्यात स्वस्त पडलेलं काम वाटतं.

आता कायदा. इथे जरा आकडे सहन करा.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम काढले. चांगले नियम आहेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मोठा फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिला 'व्हीए' अक्षरं असलेला वेगळा नंबर मिळतो. नोंदणी २०,००० रुपये, पुन्हा नोंदणी ५,०००. रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच बाहेर काढायची. याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण ५० वर्षं होईपर्यंत काय? साध्या खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. याची फी पूर्वी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० केली. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. शिवाय २०२२ च्या नियमात नूतनीकरणाला उशीर झाला तर मोटारीला महिन्यामागे ५०० रुपये. म्हणजे गाडी शेडमध्ये विटांवर उभी आहे, चाकंसुद्धा नाहीत, तिचा धूर शून्य आहे, तरी आकार चालूच. म्हणजे चाळीस वर्षांच्या गाडीला ५० वर्षांच्या गाडीपेक्षा दुप्पट नूतनीकरण फी. आणि तिचं पन्नाशीत पोचणं तर दूरच राहिलं, वाटेतच मालक कंटाळून भंगारात घालणार.

यामागचा हेतू कळतो. जुन्या गाड्या जास्त धूर सोडतात, आणि माझी पद्मिनीही सोडते. तिच्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, ती बनली तेव्हा देशात धुराचे नियमच नव्हते. ज्या गाड्या रोज शंभर-दीडशे किलोमीटर धावतात, टॅक्स्या, टेम्पो, वडाप, त्या ठराविक वयाला उतरवल्याच पाहिजेत. मुंबईच्या पद्मिनी टॅक्स्या गेल्या ते बरोबरच झालं, गहिवर येऊ दे नाहीतर न येऊ दे. पण प्रदूषण वयाने होत नाही, चालवण्याने होतं. माझी गाडी वर्षाला फार तर पाचशे किलोमीटर चालेल. लिटरला बारा धरले तर बेचाळीस लिटर पेट्रोल, लिटरमागे सव्वादोन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला शंभर किलोच्या आतबाहेर. तिच्या जागी नवी गाडी घेतली तर ती नुसती बनवतानाच काही टन कार्बन हवेत जातो. नव्या गाड्या नको असं माझं म्हणणं नाही, माझ्याकडेही आहे एक. पण 'जुनी म्हणजे घाण' हे गणित इतकं सरळ नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. जे नियम ५० वर्षांच्या गाडीला आहेत, तेच २५ किंवा ३० वर्षांनंतर, मालकाने मागितले तर, ऐच्छिक म्हणून द्या. सोबत अटीही द्या: धंद्याला नाही, रोजच्या वापराला नाही, वर्षाला ठराविक किलोमीटरची मर्यादा, आणि ब्रेक-स्टिअरिंग-तळाच्या पत्र्याची कडक तपासणी. खरोखर कडक. गोणपाट-पुट्टीवाली गाडी नापास झालीच पाहिजे, मग ती माझी का असेना. आणि गाडी दुरुस्तीसाठी उभी आहे असं आधी कळवलं तर त्या काळाचा उशिराचा आकार घेऊ नका. राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस कशाही टिकतील, त्यांना सांभाळायला माणसं आहेत. मास्तर, कारकून, दुकानदार यांनी वर्षानुवर्षं नंबर लावून घेतलेल्या गाड्या मात्र अशा फीमध्ये टिकणार नाहीत, आणि महाराष्ट्राचा खरा मोटारींचा इतिहास त्यांच्यातच आहे.

ज्यांच्या घरी अशी एखादी गाडी उभी आहे त्यांना मात्र एक सांगतो. गाडी चालू करायचा आत्ताच प्रयत्न करू नका. आधी तळ बघा. टोचा घ्या, सिलला आणि मागच्या पाट्यांच्या जागी टोचा. टोचा आत गेला तर खर्चाचा आकडा कागदावर लिहा आणि शांतपणे घरच्यांशी बोला. परवडत नसेल तर निरोप द्या, त्यात काही कमीपणा नाही. परवडत असेल तर सगळ्यात आधी पत्रा, मग ब्रेक, मग इंजिन, आणि रंग सगळ्यात शेवटी. आणि तुमच्या गावातला हातोडीवाला पत्रेवाला शोधून ठेवा. तो गाडीपेक्षा दुर्मिळ झालाय.

आमच्या पद्मिनीचं पासिंग गेल्या वर्षअखेर झालं. पुढची नूतनीकरणं २०३० आणि २०३५ ला. २०३६ साली ती पन्नास वर्षांची होईल, तेव्हा कायदा तिला अधिकृतपणे सांभाळण्यासारखी म्हणेल. मामा तेव्हा एकोणनव्वदचे असतील. ते म्हणाले, "तोवर थांबायला मला सांगू नकोस, येत्या रविवारी वाडीला घेऊन चल."

तूर्तास इतकंच. रविवारी काही लिहिणं होणार नाही.